दसऱ्याच्या करंड्या

सूर्यभानला नाही म्हणता येत नसे. राजूरच्या बाजारात कुणी म्हटलं, "चल, जरा बैल बघून दे," की हा हातातलं काम टाकून निघाला. कुणाच्या मांडवाला बांबू कमी पडले, की याच्या बेटातले चार गेलेच. सारा गाव म्हणायचा, माणूस सोन्यासारखा आहे. त्याची बायको लंकाबाई तेवढी म्हणायची, "सोन्यासारखं हाय म्हनून तर जो तो घासून बघतोय."

रविकांतशी त्याची भागीदारी जमली तीही अशीच, एका हो-वर. रविकांत नगरचा, मास्तरांच्या घरातला. दोन वर्षं तो राजूरच्या सोसायटीत कारकून होता. पावसाळ्यात त्याची खोली गळायची, चूल पेटायची नाही. मग सूर्यभान त्याला घरी जेवायला घेऊन यायचा. पुढे रविकांतने नोकरी सोडली आणि देवळाली प्रवऱ्याला जाऊन मोसंबीच्या धंद्यात पडला. बागायतदारांकडून झाडावरची फळं घ्यायची, उतरवायची, बांबूच्या करंड्यांत भरून मुंबईच्या दलालाला पाठवायची. तिकडे फळ उदंड, पण करंड्यांची ओढाताण. तेव्हा त्याला राजूरच्या वरच्या अंगाच्या वाड्या आठवल्या. तिथं घरोघरी बांबूचं काम चालायचं. तो आला आणि म्हणाला, "सूर्यभानराव, करंड्या तुमच्या, फळ माझं. जे सुटेल ते निम्मं-निम्मं." सूर्यभान म्हणाला, "व्हय." कागद नाही, शिक्का नाही. लंकाबाईने गुळाचा चहा केला आणि भागीदारी सुरू झाली.

पहिल्या वर्षी सगळं सोपं गेलं. उन्हाळ्यात विणून ठेवलेल्या करंड्या वाड्यांतल्या घरांच्या माळ्यांवर पडून होत्या. सूर्यभान गेला, गोळा केल्या, संगमनेर-कोल्हारवरून गाडी धाडली. आठ दिवसांत काम झालं. रविकांतला वाटलं, करंड्यांना आठ दिवस लागतात. गंमत म्हणजे सूर्यभानलाही तसंच वाटलं.

दुसरं वर्ष होतं सत्तर सालचं. पितृपक्षाच्या सुरुवातीला पोस्टातून माणूस धावत आला, "देवळालीचा ट्रंक कॉल हाय, चला." सूर्यभानने चिखलाचे पाय पोस्टाच्या पायरीवर पुसले आणि फोन कानाला लावला. बाहेर पाऊस असा कोसळत होता की रविकांतचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा वाटत होता.

"सूर्यभानराव, यंदा बहार जोरात आहे. मोठी गाडी भरून करंड्या लागतील. दसऱ्याला मुंबईत माल पोचवायचा शब्द दिलाय मी. होईल ना?"

"व्हईल की."

"नक्की ना? तुमच्या भरवशावर फळ उतरवायला घेतो."

"घ्या, घ्या. आठ दिवसांत करंड्या पोचत्या करतो."

फोन ठेवला. घरी येऊन त्याने लंकाबाईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"मोठी गाडी भरून? अन् इननार कोन? वाडीतली समदी मानसं भाताच्या खाचरात हाईत. बांबू वला हाय. करंडी केली तरी वाळायची कुठं?"

"बघू की. मानसं आपलीच हाईत."

"मानसं आपली हाईत, पाऊस कुठं आपला हाय?"

दुसऱ्या दिवशी इरलं डोक्यावर घेऊन सूर्यभान वाड्यांवर गेला. करंड्यांच्या कामात सगळ्यांत भरभर हात चालायचा तो गोजरबाई या म्हातारीचा. तिच्या घरात पाचजण विणणारे. ती उंबऱ्यात बसून पाय शेकत होती.

"गोजरमावशे, करंड्या पायजेत. आठ दिवसांत व्हतील ना?"

"व्हतील की लेका. तू म्हनतो म्हंजी करायच्याच."

सूर्यभान खूश होऊन पुढच्या घरी गेला. तिथंही तोच प्रश्न, तेच उत्तर. संध्याकाळी परत येताना तो नुसता हवेत होता. सगळ्यांनी हो म्हटलं होतं.

आठ दिवसांनी गेला तर गोजरबाईच्या घरात बोटावर मोजण्याइतक्या करंड्या. त्याही चुलीवर टांगलेल्या, आणि तरी काहींच्या बुडाला पांढरी बुरशी चढलेली. गोजरबाई म्हणाली, "उघडीप पडू दे. चार दिसांत बघ." पोस्टात जाऊन सूर्यभानने देवळालीला निरोप दिला, चार दिवसांत येतायत. चार दिवसांनी पुन्हा तेच झालं आणि पुन्हा तसाच निरोप गेला. प्रत्येक निरोप देताना त्याला स्वतःला तो खराच वाटायचा. रात्री मात्र झोप लागायची नाही, पण तोवर बोलून झालेलं असायचं.

मग दसरा दारात आला तेव्हा जेवढ्या करंड्या हाताशी होत्या तेवढ्या त्याने एका टेम्पोत टाकल्या. टेम्पो अर्धासुद्धा भरला नव्हता. लंकाबाई म्हणाली, "तुमीबी जा संगं. फोनवर त्येंना तुमचं तोंड दिसत न्हाई, अन् तुमालाबी त्येंचं दिसत न्हाई."

तो टेम्पोत बसला. घाट उतरून खाली आला तसा पाऊस मागे राहिला. कोल्हारच्या पुढे तर ऊन होतं. कालवे तुडुंब वाहत होते, दोन्ही अंगाला ऊस उभा. आपल्याकडचंच हे पाणी, धरणातून सोडलं की दोन-तीन दिवसांत इथवर येतं, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. पाण्याला घाट नडत नाही, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला उगीच लाज वाटली.

रविकांतचं खळं गावाबाहेर एका बागेच्या कडेला होतं. टेम्पो आत शिरला आणि सूर्यभानने समोर बघितलं. कडुलिंबाच्या झाडाखाली मोसंबीचा ढीग लागला होता. पुरुषभर उंच. वर उसाचं पाचट टाकलेलं. ढिगाच्या खालून रस पाझरून मातीत काळा ओघळ गेला होता आणि त्यावर माश्या घोंघावत होत्या. आंबूस वास सगळ्या खळ्यात भरला होता. कडेला आठ-दहा बाया पदर डोक्यावर घेऊन नुसत्या बसून होत्या.

रविकांत पुढे आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्याने टेम्पोत डोकावून पाहिलं. बोटाने करंड्या मोजल्या. मग म्हणाला, "एवढ्याच?"

"पाऊस लई हुता, रविकांतराव…"

"पाऊस होता हे मला माहीत आहे. वरचं पाणी इथवर आलं, करंड्या नाही आल्या."

तो रागावून ओरडला असता तर सूर्यभानला बरं वाटलं असतं. पण तो वळला आणि बायांना म्हणाला, "चला, भरायला घ्या." भरणाऱ्या बायांची मुकादम छबूबाई म्हणून होती, उंच, सावळी, आवाजाची खणखणीत. उठता उठता तिने सूर्यभानकडे बघितलं. "तुमीच का राजूरचे? रोज उद्या येत्यात, उद्या येत्यात म्हनून बसवून ठिवलं आमाला. आधीच न्हाई म्हनला असता तर आमी खुरपायला गेलो असतो."

 सूर्यभानने सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि ढिगापाशी जाऊन बसला. चांगलं फळ एकीकडे, मऊ पडलेलं दुसरीकडे. दुपार झाली, ऊन कललं, तो उठला नाही. आणलेल्या करंड्या भरल्या तरी ढीग तसाच दिसत होता. उरलेल्यातलं चांगलं फळ रविकांतने बैलगाड्यांत सुटंच भरलं आणि राहुरीच्या, श्रीरामपूरच्या बाजारात मिळेल त्या भावाने विकायला पाठवलं. बाकीचं उकिरड्यावर गेलं.

दिवस मावळायच्या सुमारास दोघं कालव्याच्या काठावर हातपाय धुवायला गेले. सूर्यभान हात चोळत राहिला. मोसंबीचा वास जात नव्हता.

"मला एक सांगा," रविकांत म्हणाला. त्याचा आवाज आता निवला होता. "होणार नाही, हे तुम्हाला कधी कळलं?"

सूर्यभानला खोटं बोलावंसं वाटलं नाही. "पयल्याच दिशी. लंकानं सांगितलं हुतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुमी म्हनला, शबुद दिलाय. मला वाटलं, न्हाई म्हनलं तर तुमाला वाईट वाटंल. दुसरा मानूस बघाल."

 रविकांत शेजारच्या बागेकडे बोट करून म्हणाला, "ती झाडं बघा. ते फळही तयार आहे. अजून महिना-दोन महिने झाडावर राहिलं तरी त्याला काही होत नाही. मोसंबी झाडावर थांबते, सूर्यभानराव. खाली आली की थांबत नाही. तुम्ही त्या दिवशी नाही म्हणाला असतात, तर मी फळाला हातच लावला नसता."

सूर्यभानने त्या झाडांकडे बघितलं. एवढे दिवस त्याला वाटत होतं, आपल्या नाही-ने रविकांतचं नुकसान होईल. नुकसान केलं ते हो-ने.

मग रविकांतच म्हणाला, "माझंही चुकलंच. दलालाला दसरा सांगितला आधी, आणि तुम्हाला विचारलं नंतर. आणि विचारलं तरी कसं, तर होईल ना. त्याला कोण नाही म्हणणार?"

त्या रात्री सूर्यभान खळ्यातच झोपला आणि सकाळच्या एस.टी.ने निघाला. भागीदारी राहिली की मोडली, हे दोघांपैकी कुणीच बोललं नाही. छबूबाई तेवढी फाट्यावर भेटली. तिने त्याच्या पिशवीत चार मोसंब्या टाकल्या. "घरी न्या. काल तोंडाला आलं ते बोलले. मनात धरू नका."

परतीच्या वाटेवर त्याच्या डोक्यात रविकांतचं ते शेवटचं वाक्य घोळत होतं. होईल ना. आपणही गोजरमावशीला हेच विचारलं. तिने आपलं मन राखलं, आपण रविकांतचं राखलं, त्याने दलालाचं. मनं राखता राखता फळ नासलं.

माघात रविकांत स्वतः राजूरला आला. एस.टी.तून उतरला आणि न सांगता-सवरता लंकाबाईच्या चुलीपुढे येऊन बसला, पूर्वीसारखा. म्हणाला, "वहिनी, जेवायला वाढा. मग वाड्यांवर जाऊन येतो आम्ही." लंकाबाईने भाकरी वाढताना नवऱ्याकडे असं बघितलं, की बघा, मोडलं नाही अजून.

दोघं गोजरबाईच्या घरी गेले. सूर्यभानने तोंड उघडलं आणि 'व्हतील ना' जिभेवर आलं ते गिळलं.

"मावशे, मोठी गाडी भरून करंड्या करायच्या म्हनल्या तर कवा व्हतील?"

"तू म्हनशील तवा."

"मी न्हाई म्हनत. तू सांग."

गोजरबाई गप्प झाली. असं तिला कुणी विचारलं नव्हतं. सूर्यभानही गप्प राहिला, आणि हे त्याला फार जड गेलं, कारण समोरचा अडला की आपणच त्याचं उत्तर देऊन टाकायची त्याची खोड होती. रविकांत बोलायला गेला तसा त्याने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

शेवटी म्हातारी बोटांवर मोजत बोलायला लागली. आता लाकूडफाटा आणायचा आहे. मग नातीचं लगीन. होळी झाली की हात मोकळे. होळीपासून रोहिणी नक्षत्र लागेपर्यंत विणता येईल, पुढे भात घरात येईपर्यंत नाही. आणि एवढं करूनही गाडी भरणार नाही. "अर्धी गाडी भरंल. आमच्या अन् शेजारच्या दोन वाड्यांच्या मिळून. खरं सांगू का, त्याच्यावर मला न्हाई जमायचं."

सूर्यभानने रविकांतकडे पाहिलं. रविकांतचा चेहरा पडला होता, पण त्याने मान हलवली. "अर्धी तर अर्धी. पण ती नक्की."

उन्हाळाभर करंड्या येत राहिल्या. एकात एक घालून त्यांच्या उतरंडी सूर्यभानने आपल्या माळ्यावर, चुलीच्या वरच्या अंगाला रचल्या. धुरानं किडा लागत नाही. माळा भरला, मग ओटी भरली, मग लंकाबाईचं जातं कोपऱ्यात सरकवावं लागलं. "उद्या मला करंडीतच झोपवा," ती म्हणाली, पण करंड्यांवरची धूळ तीच झटकायची.

भाद्रपदात पुन्हा पोस्टातून बोलावणं आलं. पुन्हा तोच पाऊस, तोच विहिरीतला आवाज.

"सूर्यभानराव, दलाल दुप्पट माल मागतोय. यंदा भाव फार चांगला आहे. दसऱ्यापर्यंत अजून अर्धी गाडी होईल ना?"

'व्हईल की' हे शब्द त्याच्या दातांपर्यंत आले. पोस्टमास्तर समोर बसून तिकिटांवर शिक्के मारत होते. सूर्यभानने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"न्हाई," तो म्हणाला.

"काय? ऐकू येत नाही!"

"न्हाई व्हनार!" तो एवढ्याने ओरडला की पोस्टमास्तरांचा शिक्का हवेतच राहिला. "माळ्यावर हाईत तेवढ्या दसऱ्याला देतो. बाकीच्या भात घरात आल्यावर. देवदिवाळीच्या आधी एकबी न्हाई!"

तिकडून काही आलं नाही. नुसती खरखर. मग तीही थांबली. वेळ संपला होता, की लाइन तुटली, की रविकांतनेच ठेवला, कळायला मार्ग नव्हता.

सूर्यभान घरी आला तो तापातून उठल्यासारखा. "न्हाई म्हनून आलो," त्याने लंकाबाईला सांगितलं.  तिने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि जरा वेळ तिथंच बसून राहिली. पुढे बरेच दिवस देवळालीहून फोन आला नाही. रोज पोस्टावरून जाताना सूर्यभानची पावलं रेंगाळायची. संपलं सगळं, असं त्याला वाटायचं. पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली.  वाईट वाटत होतं, झोप मात्र लागत होती.

दसऱ्याच्या आधी, माघात बोलून ठरलेल्या दिवशीच, त्याने माळा उतरवला, गाडी भरली आणि तीत बसून देवळालीला गेला. खळ्यात शिरताना त्याने डोळे जवळजवळ मिटूनच घेतले होते. उघडले तर लिंबाखाली छोटासा ढीग. आदल्याच दिवशी उतरवलेला, पानं अजून हिरवी. छबूबाई आणि तिच्या बाया कमरेला पदर खोचून उभ्या होत्या. शेजारच्या बागेत झाडं फळांनी वाकली होती आणि तिकडे कुणी फिरकलेलं नव्हतं.

"रागावलो होतो," सूर्यभान गाडीतून उतरत असतानाच रविकांतने त्याला सांगितलं. "दोन दिवस जेवणसुद्धा गोड लागलं नाही. म्हटलं, हा माणूस नाही म्हणायला शिकला तोही भाव चढल्यावरच! मग बागेत चक्कर मारली. फळाकडे बघितलं. म्हटलं, ह्याला घाई नाही, मलाच आहे."

"अन् दलाल?"

"त्याला कळवलं, अर्धा माल दसऱ्याला, उरलेला देवदिवाळीनंतर. चिडला. दसऱ्याचा बाकीचा माल दुसऱ्याकडून घेतला त्याने. तो भाव आपल्याला नाही मिळाला, ते गेलंच." रविकांतने एक करंडी उचलून बूड तपासलं, बोटाने ठोकून बघितलं. "पण नंतरचा घेतो म्हणालाय. थंडी पडली की तिकडे मालाची आवक कमी होते म्हणे. बघू."

पहिली करंडी भरली तेव्हा छबूबाईने हाक मारली, "राजूरवाले, या, हात लावा!" दुपार व्हायच्या आत खळं रिकामं झालं. बाया घरी जाताना गात होत्या.

देवदिवाळीच्या करंड्या मात्र देवदिवाळीला झाल्या नाहीत. ऐन भातकापणीत अवकाळी आला, कापलेलं भात खाचरात भिजलं, सगळी वाडी ते वाचवायला धावली. पण या वेळी सूर्यभान फोनची वाट बघत बसला नाही. पाऊस आला त्याच दिवशी तो पोस्टात गेला, स्वतः कॉल लावला.

"रविकांतराव, लांबनार हाय. कवा व्हईल ते आज मला सांगता येत न्हाई. गोजरमावशीकडं जातो, इचारतो, अन् परवा तुमाला सांगतो. तवर फळ उतरवू नका."

"बरं," रविकांत म्हणाला. "भात वाचलं का?"

 धंद्याच्या फोनवर असं कुणी विचारील असं सूर्यभानला वाटलंच नव्हतं. "निम्मं-अर्धं वाचलं," तो म्हणाला. "बाकीचं वाळवतोय."

गोजरबाईने या खेपेला विचारताक्षणी सांगितलं, मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. आणि त्या गुरुवारी सकाळी वाडीतून करंड्यांची रांग डोक्यांवरून खाली उतरली. बाया, बापये, पुढे काठी टेकत खुद्द गोजरबाई. बांबू कोवळा नव्हता, ओला नव्हता. पिवळ्याधमक करंड्या उन्हात चमकत होत्या. बाजारपेठेतली माणसं दुकानांतून बाहेर येऊन बघत राहिली.

गाडी भरली. ड्रायव्हरने दोर आवळले आणि विचारलं, "चला, बसताय ना?"

सूर्यभानचा पाय पायरीकडे वळला होता. तेवढ्यात त्याला आठवलं, आपल्या खळ्यावर भात झोडायचं आहे, लंका सकाळपासून एकटी राबते आहे.

"न्हाई," तो म्हणाला. "तू जा. तिथं मानसं हाईत उतरवून घ्यायला."

गाडी वळणाआड गेली. त्याने मुंडासं सोडलं, पुन्हा घट्ट बांधलं आणि खळ्याच्या वाटेला लागला.